परवाना आधी, पाया नंतर

पुण्याहून कॅलिफोर्नियात गेलो तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पुरेल, असं मला वाटलं होतं. पण तिथं घरबांधणीचं कंत्राट घ्यायला राज्याच्या मंडळाचा ‘बी’ वर्गाचा परवाना लागतो. त्यासाठी 4 वर्षांचा अनुभव हवा. पदवीमुळे त्यातली 3 वर्षं सुटू शकतात. एक मात्र साइटवरच काढावं लागतं. शिवाय कायद्याची आणि बांधकामाची अशा दोन परीक्षा, आणि फसलेल्या गिऱ्हाइकासाठी 25,000 डॉलरचा बाँड.

खरी मेख पुढे आहे. विनापरवाना केलेलं काम कितीही चोख असो, पैसे बुडाले तर कोर्टात मागता येत नाहीत. उलट, दिलेले पैसे घरमालक परत मागू शकतो! माझ्या ओळखीचा एक कसबी गवंडी असाच एका स्वयंपाकघराची मजुरी गमावून बसला. त्यानंतर मी अर्ज भरला.