नाणे कोणी बिघडवले?

चेपलेले, छेदलेले किंवा भोक पडलेले नाणे हाती आले की ते सरकारने बाद केलेले समजायचे की कोणा खासगी हाताने बिघडवलेले, हे ठरवण्यासाठी आधी सरकार नाणी कशी बाद करते ते पाहावे लागते. भारतात रुळलेला मार्ग वितळवण्याचा आहे. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालील नाणी कायदेशीर चलन राहिली नाहीत. बँकांकडे जमा झालेल्या अशा नाण्यांचा शेवट भट्टीत होतो, बाजारात नव्हे. त्यामुळे 'टांकसाळीने रद्द केलेले' म्हणून चोरबाजारात विकले जाणारे नाणे बहुतेक वेळा तसे नसते, असे धरूनच तपासणी सुरू करावी.

परदेशात वेगळी पद्धत आढळते. युरो आल्यावर जर्मनीने परत आलेली मार्कची नाणी दातेरी रोलरमधून काढून बाद केली. अमेरिकेची टांकसाळही सदोष नाण्यांवर अशीच प्रक्रिया करते. अशा नाण्याच्या दोन्ही बाजूंवर सारख्या अंतराच्या लाटा उमटतात. ते थोडे पसरट होते, पण वजन घटत नाही. व्हाइसच्या जबड्यात धरलेल्या नाण्यावरही रेघा उमटतात, मात्र त्या अर्धवट असतात आणि कडेवर दाबाच्या खुणा सोडतात.

भारतात आणखी एक अधिकृत पद्धत होती आणि कायद्यात ती अजूनही आहे. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा वजन घटलेले किंवा विद्रूप केलेले चांदीचे नाणे अधिकृत व्यक्तीपुढे आले तर ते कापावे किंवा मोडावे लागे. २०११ च्या कायद्यातही कापण्याचा अधिकार कायम आहे. नाणे पुन्हा चालू नये हाच हेतू असल्याने कापणी सहसा आरपार असते. कडेला फक्त एक उथळ खाच असेल तर ती बहुधा आतली धातू पाहण्यासाठी कोणा पारख्याने घेतलेली असते.

सरकारी फेरफाराचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र फार जुने आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचे वर्णन केले. नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर कमानींच्या टेकडीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह, आणि खालून डोकावणारी मूळ अक्षरे. छाप हाताने मारल्यामुळे प्रत्येक नाण्यावर तो थोडा सरकलेला आहे. तरी चिन्हे तीच आणि मारण्याची रीत तीच. एखाद्या हौशी माणसाने केलेल्या खाडाखोडीत अशी एकसारखी पुनरावृत्ती सापडणार नाही. एकच नाणे हाती असेल तर निर्णय अवघड जातो, पण त्याच प्रकारची दोन-तीन मिळाली की बराच प्रश्न सुटतो.

पुनरावृत्तीचा नियम सराफी ठशांपाशी मात्र अडखळतो. जुन्या रुपयांवर चंद्रकोर, फूल किंवा बारीक रेघ असे छोटे ठसे सरकारने मारलेले नाहीत. धातूची खात्री पटल्याची ती सराफांची खूण होती. असे नाणे खासगी हातांनी बदललेले असले तरी त्यामागे फसवणूक नव्हती. पुढे कंपनीचा आणि राणीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, वजनाचा ठरल्यावर ठशाऐवजी तागडी निर्णायक झाली. चांगला रुपया खणखणीत वाजतो, आतून पोकळ किंवा दोन अर्ध्या चकत्या जोडून केलेला बद्द वाजतो. दोन्ही बाजूंना छापाच असलेली काही नाणी याच कारागिरीची असतात. किनारीच्या आतून जोडाची बारीक रेघ भिंगाखाली दिसते.

भोकाने फसायला होते ते दोन्ही बाजूंनी. १९४३ ते १९४७ या काळात पाडलेल्या पैशाला मधोमध भोक होते. ते नाणे बिघडवलेले नव्हे, तसेच घडवलेले. त्याचे भोक गोल, ठरलेल्या मापाचे आणि आजूबाजूच्या नक्षीत सामावलेले असते. दागिन्यासाठी पाडलेले भोक कडेजवळ असते आणि त्याच्या एका बाजूला धातूची उठलेली कडा असते. भोक न पाडता कडी डाखून लावलेला रुपया असेल, तर कडी निघून गेली तरी डाखाचा डाग किनारीवर राहतो. झवेरी बाजारात अशी नाणी मोडीत येताना नेहमी दिसत, आणि संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत घटते ती याच डागामुळे.

परळ-दादरच्या रुळांवर मुलांनी ठेवलेले नाणे लांबट, पातळ आणि थोडे वाकलेले होते. अक्षरे ताणली जातात, पण त्यांत कुठेही नवा छाप नसतो. गिरगाव चौपाटीच्या वाळूतून निघालेले खाऱ्या पाण्याने खाल्लेले नाणे तर कोणीच बिघडवलेले नसते, त्याचे वजन तेवढे घटलेले असते.

टांकसाळीतल्या चुका हा तिसरा गट. चकती कापताना कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी राहिला असेल तर त्याच्या बरोबर समोरची किनारही अस्पष्ट उमटते, कारण त्या जागी धातूवर पुरेसा दाब आलेला नसतो. नंतर कातरलेल्या नाण्याची समोरची किनार पूर्ण उठावदार राहते, आणि कापलेली कड ताजी, चकचकीत किंवा कानशीच्या ओरखड्यांची असते. भिंग, अचूक वजनकाटा आणि त्याच साच्याचे एक धड नाणे, एवढ्यावर बहुतेक शंका मिटतात.