तारांमागचं तंत्र – लेखांक ६ : दहापट किमतीत नेमकं काय मिळतं?

मागच्या आठवड्यात आपण व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या पोटात काय घडतं ते पाहिलं. गिटारचा सिग्नल व्हॉल्व्हच्या आवाक्याबाहेर गेला की लाटेचे माथे दबतात, मूळ स्वराच्या पटीतले नवे उपस्वर उमटतात आणि तो भरलेला, धारदार आवाज तयार होतो. हेच काम आकडेमोडीने करणारा प्रोसेसर आज बहुतेक गिटारवादकांच्या बॅगेत असतो. आजचा विषय त्याच्या किमतीचा. फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्स ३ साठी अमेरिकेत सुमारे २,००० डॉलर मोजावे लागतात. आयके मल्टिमीडियाचा तळहातावर मावणारा टोनेक्स वन मात्र २०२४ मध्ये १७९ डॉलरना बाजारात आला. नावाजलेल्या अ‍ॅम्पचे आवाज दोन्हींतून निघतात. मग ही दहापटीहून मोठी तफावत कशाची?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. अ‍ॅम्पचा मूळ आवाज आता महाग राहिलेला नाही. जास्तीचे पैसे जातात ते त्या आवाजाभोवतीच्या सोयींसाठी आणि अवघड प्रसंगी यंत्र डगमगू नये म्हणून. एवढं नीट समजलं तर शिकणाऱ्याचे हजारो रुपये वाचतात आणि स्टेजवर पोट असलेल्या वादकाला काटकसर कुठे करू नये तेही कळतं.

नक्कल करण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग सर्किटचा. अ‍ॅम्पमधला प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह गणितात मांडायचा. हे किती नाजूक काम आहे ते एका उदाहरणावरून कळेल. मार्शलचा पहिला अ‍ॅम्प, जेटीएम ४५, फेंडरच्या बासमनच्या सर्किटवरच बेतलेला होता. तरीही व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलले, कॅबिनेट मागून बंद झालं आणि एका वेगळ्याच आवाजाचं घराणं सुरू झालं. असे बारकावे गणितात उतरवायला वर्षं लागतात. लाइन ६ ने १९९८ मध्ये पॉड आणला तेव्हा ही कल्पना घराघरांत पोचली. २००६ मध्ये आलेल्या अ‍ॅक्स-एफएक्सने ती स्टुडिओच्या दर्जाला नेली आणि २०१५ मध्ये लाइन ६ च्याच हेलिक्सने स्टेजवर रुजवली. या मार्गाचा मोठा फायदा असा, की गेन, बास, ट्रेबलची बटणं फिरवली की मॉडेल जवळपास मूळ अ‍ॅम्पसारखंच बदलतं.

दुसरा मार्ग टिपण्याचा. खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक चाचणी-सिग्नल सोडायचा, बाहेर पडणारा आवाज रेकॉर्ड करायचा आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं याचा मेळ संगणकाला शोधायला लावायचा. आत कोणता व्हॉल्व्ह आहे हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. जर्मनीच्या केंपरने २०११ मध्ये प्रोफायलिंग या नावाने ही वाट मोठ्या प्रमाणावर खुली केली. फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स २०२१ मध्ये वादकांच्या हाती आला, तो न्यूरल नेटवर्क घेऊन. किमतीचं जुनं गणित मात्र खऱ्या अर्थाने मोडलं ते स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांच्या न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरने. वादक त्याला नॅम म्हणतात. तो फुकट आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे आणि जगभरचे वादक आपापल्या अ‍ॅम्पची टिपणं एकमेकांना देत असतात. घरच्या संगणकावर साध्या ऑडिओ इंटरफेसमधून वाजवलं तरी मूळ अ‍ॅम्प कोणता आणि नॅम कोणता हे ओळखताना चांगले कान फसतात. एकेकाळी कंपनीच्या तिजोरीत असलेलं ज्ञान असं सगळ्यांचं झालं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या मार्गाला मर्यादाही आहे. एक टिपण म्हणजे बटणांची एकच स्थिती. गेन सहावर ठेवून टिपलेला अ‍ॅम्प चारवर कसा वाजेल ते त्या टिपणाला ठाऊक नसतं. शिवाय छोट्या पेडलमधली चिप पूर्ण आकाराचं नॅम मॉडेल पेलू शकतेच असं नाही. त्यामुळे काही स्वस्त यंत्रं ते हलकं करून, स्वतःच्या साच्यात बसवून वाजवतात. खोक्यावर ‘नॅम चालतं’ असं लिहिलेलं असलं तरी मूळ मॉडेल चालतं की रूपांतर, हे दुकानात विचारून घ्या.

स्पीकरकडे दुर्लक्ष नको

स्वस्त प्रोसेसर ‘डिजिटल’ वाजतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष अ‍ॅम्पच्या मॉडेलचा नसतो, स्पीकर-कॅबिनेटच्या नकलेचा असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो. हे गाळणं नीट झालं नाही तर डिस्टॉर्शन कानाला बोचतं.

स्पीकर, कॅबिनेट आणि माइक यांचा एकत्रित ठसा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर, या छोट्या फाइलमध्ये साठवलेला असतो. सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने २,०४८ नमुन्यांची फाइल सुमारे ४३ मिलिसेकंदांची होते. कमी ताकदीचं यंत्र तीच फाइल ५१२ नमुन्यांवर कापतं, तेव्हा जेमतेम ११ मिलिसेकंद उरतात. या कापाकापीचा फटका बसतो तो खालच्या पट्टीतल्या घुमण्याला. म्हणून प्रोसेसर बदलण्याआधी आयआर बदलून पाहा. चांगले आयआर फुकटही मिळतात आणि बाहेरची फाइल घेण्याची सोय आता स्वस्त यंत्रांतही असते.

पैसा कुठे जातो

पहिला खर्च आकडेमोडीच्या ताकदीचा. पातळ ई तारेच्या १९ व्या फ्रेटवरचा बी स्वर सुमारे ९८८ हर्ट्झचा असतो. कडक डिस्टॉर्शनमध्ये त्याचा ४० वा उपस्वर ३९,५२० हर्ट्झवर जातो. पण सेकंदाला ४८,००० नमुने घेणारं यंत्र २४,००० हर्ट्झपर्यंतच आवाज मांडू शकतं. वरचं सारं उलटून खाली येतं आणि हा उपस्वर ८,४८० हर्ट्झवर उतरतो. मूळ स्वराचा आठवा उपस्वर ७,९०४ वर, नववा ८,८९२ वर, आणि हा पाहुणा दोघांच्या मध्ये, बेसूर. याला एलियासिंग म्हणतात. ते टाळायला यंत्राला आतल्या आत अनेकपट वेगाने हिशेब करावा लागतो आणि त्यासाठी तगडी चिप लागते. दुकानात पारख करायची असेल तर गेन भरपूर वाढवा, वरच्या फ्रेटवर एक स्वर धरा आणि तार हळूहळू ओढून बेंड करा. स्वर वर चढत असताना मागे काहीतरी खाली घसरताना ऐकू आलं, तर ते एलियासिंग समजावं.

दुसरा खर्च विलंबाचा. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तीन मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे अ‍ॅम्पपासून मीटरभर दूर उभं राहणं. एवढ्याने हात अडखळत नाही. पण वायरलेस, डिजिटल मिक्सर आणि इन-इअर यांचे विलंब त्यात मिळत गेले की बोट आणि कान यांची फारकत जाणवते. तेव्हा यंत्राने वाचवलेला प्रत्येक मिलिसेकंद कामी येतो.

तिसरा आणि मोठा खर्च स्टेजवरच्या सोयींचा. धातूची मजबूत बॉडी, पायाने दाबायची पुरेशी बटणं, मिक्सरला थेट जाणारं एक्सएलआर आउटपुट, बाहेरची पेडल जोडायचे लूप, एका वेळी दोन अ‍ॅम्प चालवण्याची क्षमता आणि गाण्याच्या मध्यात आवाज न तुटता टोन बदलणं. टोनेक्स वनवर पायाचं बटण एकच आहे. सराव आणि रेकॉर्डिंगला ते पुरतं. तीन तासांच्या ऑर्केस्ट्रात, जिथे एका गाण्याला क्लीन टोन आणि पुढच्याला रॉकचा सोलो लागतो, तिथे ते पुरणार नाही.

मग घ्यावं काय?

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्याच्या खऱ्या ताकदीने वाजवणं शेजारधर्मात बसत नाही. घरी सराव आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वस्त प्रोसेसर निःशंक घ्यावा. उरलेल्या पैशांत गिटारचं सेटअप करून घ्यावं आणि बरे हेडफोन किंवा मॉनिटर स्पीकर आणावेत. आवाजात पडणारा फरक तिथे जास्त आहे. आठवड्याला कार्यक्रम करणाऱ्याने मधल्या किमतीचं, पुरेशी बटणं आणि एक्सएलआर असलेलं यंत्र पाहावं. दौऱ्यावर राहणाऱ्या, गुंतागुंतीचे टोन वापरणाऱ्या व्यावसायिकाला महाग यंत्राचा पैसा वसूल होतो. ज्या शहरात दुरुस्तीची सोय आहे तिथूनच त्याने ते घ्यावं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही किमतीत विकत मिळत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाजाची पातळी बदलली की खालचे आणि वरचे स्वर कानाला वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. रात्री हळू आवाजात जमवलेला गोड टोन हॉलमध्ये बासने फुगतो आणि ट्रेबलने टोचतो. यंत्र १७९ डॉलरचं असो वा २,००० चं, टोन त्या पातळीवर, बाकीच्या वाद्यांसोबत ऐकूनच ठरवावा लागतो. तो कान सरावाने तयार होतो आणि स्वस्त प्रोसेसरवरही तितकाच चांगला तयार होतो.

पुढच्या लेखांकात आयआर घरच्या घरी कसा टिपायचा ते पाहू. एक माइक, एक स्पीकर आणि शांत खोली एवढी तयारी ठेवा.