काळ्या मुलांची पुस्तके आणि सत्य सांगण्याचा प्रश्न

अमेरिकेतील काळ्यांची कविता, त्यांची आत्मकथने, त्यांच्या चळवळीचे जाहीरनामे यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा हे नाते आपण नावासकट जाहीर केले. परंतु त्या समाजाने आपल्या दहा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती काय दिले, ह्याची चर्चा आपण फारशी केली नाही. हे निव्वळ बालसाहित्य म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. अन्याय मुलाला केव्हा आणि कसा सांगावा, हा त्यातला मूळ प्रश्न आहे, आणि तो आपलाही आहे.

हा प्रश्न प्रथम स्पष्टपणे मांडला तो डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस ह्यांनी. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले तेच हे दु बॉइस. ‘क्रायसिस’ ह्या त्यांच्या मासिकात काळ्यांच्या झुंडबळींच्या बातम्या छापाव्याच लागत, आणि ते मासिक मुलेही वाचत. एका लहान मुलीने गोऱ्यांविषयीचा आपला द्वेष पत्राने कळवला, तेव्हा १९१९ साली त्यांनी हा पेच लिहून मांडला. सत्य लपवले तर मूल अडाणी राहते. नुसते सत्य ओतले तर ते द्वेषाने करपते. ह्यातून जानेवारी १९२० मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे मुलांचे मासिक निघाले. जेसी फॉसेट त्याच्या साहित्य-संपादक होत्या. लँग्स्टन ह्यूजच्या अगदी सुरुवातीच्या कविता त्यात आल्या. पण पैशाअभावी डिसेंबर १९२१ मध्ये ते बंद पडले. अंक निघाले चोवीस.

पुढे काय झाले ते नॅन्सी लॅरिक ह्यांच्या १९६५ मधील लेखाने दाखवले. १९६२ ते १९६४ ह्या तीन वर्षांत त्रेसष्ट प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ मुलांची पुस्तके त्यांनी तपासली. काळा माणूस चित्रात किंवा मजकुरात कुठे तरी आहे अशी पुस्तके निघाली ३४९, म्हणजे शेकडा ६.७. आजच्या काळातील काळ्यांचे जीवन सांगणारी तर शेकडा एकसुद्धा नव्हती. जे मूल पुस्तकात स्वतःला कधीच भेटत नाही, ते आपण पुस्तकात येण्याच्या लायकीचे नाही असे समजून बसते. गोऱ्या मुलाचेही नुकसान होतेच. सारे जग आपलेच, असा खोटा धडा ते शिकते.

त्याच १९६५ साली नव्या शिक्षण कायद्याने शाळांच्या ग्रंथालयांना केंद्राचा पैसा मिळू लागला आणि प्रकाशकांना गिऱ्हाईक दिसू लागले. नवोदित काळ्या लेखकांसाठी स्पर्धा सुरू झाल्या. वॉल्टर डीन मायर्स आणि मिल्ड्रेड टेलर हे दोघे अशाच एका स्पर्धेतून पुढे आले. म्हणजे प्रतिभा नव्हती असे नाही. दार बंद होते.

टेलर ह्यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही कादंबरी १९७६ मध्ये आली आणि १९७७ चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. काळ १९३३, स्थळ मिसिसिपी, सांगणारी नऊ वर्षांची कॅसी. शाळेच्या पहिल्या दिवशी काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली पुस्तके वाटली जातात. आतल्या बाजूस तक्ता असतो: पुस्तक केव्हा दिले, कोणत्या अवस्थेत, आणि घेणाऱ्याचा वंश कोणता. चांगल्या अवस्थेत ते गोऱ्याकडे गेले. पार फाटल्यावर काळ्याकडे आले. कॅसीचा सहा वर्षांचा भाऊ तो तक्ता वाचतो आणि पुस्तक जमिनीवर आपटून पायाखाली तुडवतो. त्याला मार बसतो. त्यांची आई त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती मुलाला उपदेश करीत नाही. तक्त्यावर कागद चिकटवून टाकते. पुढे वर्गात गुलामगिरीचा खरा इतिहास शिकवते आणि नोकरी गमावते. शिक्षक मित्रांनी हे प्रसंग मुद्दाम वाचावेत. दु बॉइस ह्यांच्या पेचाला इथे उत्तर मिळते. मुलाला अन्याय दिसतो, आणि त्याच वेळी अन्यायापुढे न वाकणारे आपले माणूसही दिसते.

परंतु दुःख म्हणजेच काळ्यांचे सारे जीवन, असेही नाही. ख्रिस्तोफर पॉल कर्टिस ह्यांच्या ‘द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३’ (१९९५) ह्या कादंबरीचा मोठा भाग भावंडांच्या खोड्यांनी भरलेला आहे. त्यानंतर १५ सप्टेंबर १९६३ चा, चार मुलींचा बळी घेणारा चर्चमधील बॉम्बस्फोट येतो. आधी हसवलेले असल्यामुळेच तो वाचकाला हादरवतो. जेरी क्राफ्ट ह्यांच्या ‘न्यू किड’ (२०१९) ह्या चित्रकादंबरीत बारा वर्षांचा जॉर्डन श्रीमंत खाजगी शाळेत जातो. तिथे कोणी मारत नाही. फक्त शिक्षिका काळ्या मुलांची नावे एकमेकांना लावीत राहते. काळ्या मुलांना नेहमी दैन्याचीच पुस्तके देणाऱ्यांची तीत चेष्टाही आहे. २०२० साली न्यूबेरी पदक मिळवणारी ही पहिली चित्रकादंबरी. २०२१ मध्ये टेक्सासमधील केटी येथे पालकांच्या तक्रारीवरून ती शाळांच्या ग्रंथालयांतून काढली गेली, आणि फेरतपासणीनंतर परत ठेवावी लागली. मुलांच्या पुस्तकाला प्रस्थापित का भितात, हे ह्यावरून कळावे.

आता आपल्याकडे पाहू. ‘बलुतं’, ‘आठवणींचे पक्षी’, ‘उचल्या’: आपली आत्मकथने बालपणाने ओथंबलेली आहेत. पण ती सांगितली आहेत प्रौढांना. शाळकरी मुलाला ती जशीच्या तशी देता येत नाहीत, आणि धड्यापुरते कापून दिली की त्यांतला नकार निसटतो. आपल्या वस्तीतील सातवीच्या मुलीला तिच्याच वयाची, हसणारी, भांडणारी, प्रश्न विचारणारी दलित मुलगी पुस्तकात किती वेळा भेटते? काळ्या लेखकांनी हे काम दुय्यम मानले नाही. आपल्या लेखकांनीही मानू नये, आणि शिक्षकांनी अशा पुस्तकांची मागणी करावी. मागणी झाल्याशिवाय दार उघडत नाही, हे १९६५ ने दाखवलेच आहे.