मुंग्या हातात, दुखणं कुठे?

सकाळी उठलं की बोटं बधिर. दुपारी माउस धरला की मुंग्या. मग ऑफिसात सल्ल्यांचा पाऊस! कुणी म्हणतं मनगटाला पट्टा बांध, कुणी म्हणतं मानेला कॉलर लाव. एखादा तर थेट 'एमआरआय काढून टाक ना' म्हणून मोकळा. चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे गेलात, तर मात्र व्यायाम राहिले दूर, आधी प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. नेमकी कुठली बोटं? रात्री जाग येते? हात झटकला की बरं वाटतं?

वैतागू नका. अर्धं निदान या उलटतपासणीतच होतं.

बोटांची साक्ष

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका बधिर होते, रात्री झोपमोड होते, हात झटकला की आराम पडतो? मग पहिला संशय मनगटावर. तिथल्या अरुंद बोगद्यातून नऊ टेंडन्स आणि एक नस जाते. दाटी झाली की नस दबते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटं वाकवून मिनिटभर धरायला लावतात, ती फेलन टेस्ट यासाठीच.

करंगळीत मुंग्या असतील, तर नजर कोपराकडे वळते. तासन् तास फोन कानाला लावून कोपर दुमडलेलं असतं ना, तेच!

पण अंगठा आणि मधलं बोट मानेतून निघणाऱ्या नसांच्याही हद्दीत येतात. म्हणून पुढचा प्रश्न : मान मागे नेऊन त्या बाजूला वळवली की कळ हातात उतरते का? हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर मनगटाचा पट्टा कितीही महाग असला तरी काय उपयोग?

रिपोर्टचं काय?

२०१५ साली जपानमधल्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय तपासले गेले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत डिस्क फुगलेली दिसली. विशीतल्यांमध्येही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं! म्हणजे रिपोर्टमध्ये 'बल्ज' असला, तरी तुमच्या मुंग्या त्याच्यामुळेच असतील असं नाही. रिपोर्ट आणि लक्षणं यांची कुंडली जुळावी लागते.

इथे थांबा

छोटासा हातोडाही खूप काही सांगतो. मानेत नसेचं मूळ दबलं असेल, तर हाताचा झटका मंदावतो. मज्जारज्जूवर दाब असेल, तर त्या खालचे झटके उलट जोरात येतात. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, दोन्ही हात बधिर होतात, चालताना तोल जातो, अशी लक्षणं असतील तर मसाज किंवा मान 'मोडून' घेणं अजिबात नको. तातडीने डॉक्टर गाठा. आणि अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल!

एरवी पहिल्या भेटीला जाताना फाइलसोबत चार दिवसांची नोंद न्या : कुठलं बोट, किती वाजता, काय करताना. आणि व्यायामाचा कागद हातात पडण्याआधी बिनधास्त विचारा, 'हे कुठून येतंय असं तुम्हाला वाटतं, आणि का?' नीट उत्तर मिळालं, तर समजा बरोबर दारात आलात.