बाहेरगावचा मुक्काम आणि जेवणाची सोय

सुगी उरकली, शाळांना सुटी लागली की घरोघर बेत निघू लागतात. कुणाला परळीला वैजनाथाचे दर्शन घ्यायचे असते, कुणाला अंबाजोगाईला योगेश्वरीच्या पायांवर लेकरू घालायचे असते, तर कुणाला नुसताच हवापालट हवा असतो. गाडी ठरते, धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात खोली ठरते, पिशव्या भरल्या जातात. जेवायचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा खोलीचे कुलूप उघडल्यावरच निघतो. मग सगळेजण न बोलता घरातल्या बाईकडे बघतात, आणि ती पदर खोचून स्टोव्ह कुठे ठेवावा ते शोधू लागते. मंडळी दर्शन घेऊन, बाजार फिरून येतात. बाई मात्र गावी जे करीत होती तेच इथे अपुऱ्या भांड्यांत आणि परक्या मोरीशी बसून करते. तिची सुटी झाली कुठे?

म्हणून वाचकहो, आज ह्या जेवणाच्या सोयीचाच थोडा विचार करू. विषय घरगुती आहे खरा. पण चार दिवसांचा आनंद आणि सहा माणसांची पोटे त्यावर अवलंबून असतात.

मुक्कामी चूल मांडण्याची आपली चाल जुनी आहे. बैलगाडीने यात्रेला निघायचे तर वाटेत खानावळी नव्हत्या, आणि असल्या तरी सोवळ्याओवळ्यामुळे तिथे जेवणारे थोडे. तेव्हा गाडीत शिध्याचे गाठोडे असे, आणि झाडाखाली तीन दगड मांडले की स्वयंपाकघर तयार. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. ती मंडळी घाट चढून इतक्या दूर येत, उपाध्यांच्या घरी उतरत आणि पुरणाचा नैवेद्य करीत. देवीला वाढायचे ते घरच्या बाईच्या हातचे, ही त्यामागची भावना. ती भावना ज्यांना जपायची त्यांनी अवश्य जपावी. पण नैवेद्य एक दिवसाचा असतो. उरलेल्या दोन दिवसांच्या भाकऱ्या काही देवीने मागितलेल्या नाहीत.

परदेशातही हा प्रश्न सुटलेला नव्हताच. इंग्लंडमध्ये स्केग्नेस येथे 1936 साली बटलिन ह्या गृहस्थाने कामकरी कुटुंबांसाठी सुटीची वसाहत काढली. तिथे राहण्याच्या पैशांतच तिन्ही वेळचे जेवण असे, आणि ते मोठ्या भोजनगृहात पंगतीने मिळे. पुढे लोकांना आपल्या वेळी, आपल्या आवडीचे करून खावेसे वाटू लागले, तेव्हा अशा वसाहतींतून स्वतः रांधून खाण्याच्या खोल्याही निघाल्या. हॉलंडमध्ये 1968 साली सुरू झालेल्या सेंटर पार्क्सने तर झाडीत छोटी घरेच बांधली. घरात चूल आणि भांडी, जवळ वाणसामानाचे दुकान, आणि रांधायचा कंटाळा आला तर जेवायला जागा. थोडक्यात, एकाच ठिकाणी तिन्ही सोयी. आपल्याकडे त्या एका आवारात मिळत नाहीत. पण परळी-अंबाजोगाईसारख्या गावी चार पावलांच्या अंतराने तिन्ही असतात. त्यांचा मेळ कसा घालायचा ते घरून निघतानाच ठरवले पाहिजे, एवढेच.

सहा माणसांचे उदाहरण घ्या. चार मोठी, दोन लहान, तीन दिवसांचा मुक्काम. माझा हिशेब असा. पहिल्या दिवशी दुपारी घरची शिदोरी. रात्री खोलीवर येसराची आमटी आणि भात. दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळ, रात्री पिठले-भाकरी. तिसऱ्या दिवशी सकाळी सुशीला, दुपारी अन्नछत्र असेल तर तिथे, नसेल तर पुन्हा खानावळ, आणि मग परतीची वाट. म्हणजे तीन दिवसांत खरा स्वयंपाक दोनच रात्री झाला. भाकऱ्या थापायला तास मोडतो आणि त्याला परात, तवा, मोठी आच असे सगळे लागते. आताशा भाकऱ्या नगावर विकत मिळतात. त्या आणाव्यात आणि खोलीवर पिठले तेवढे घालावे. कांदा कापणे, पाणी आणणे आणि भांडी घासणे ही तीन कामे पुरुषांनी नि मोठ्या मुलांनी वाटून घ्यावीत. हे कुणाला हसण्यासारखे वाटेल. पण वारीच्या वाटेवर पुरुषमंडळी रांधतात, वाढतात, पातेली घासतात, तेव्हा कुणी हसत नाही.

येसराविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण आपल्या मराठवाड्याची ही चीज मुक्कामासाठीच जन्मली असावी असे मला नेहमी वाटते. धान्ये आणि डाळी खमंग भाजायच्या, त्यांत धने, जिरे, मिरची असा मसाला घालून दळून ठेवायचे. वाटीभर येसर पाण्यात कालवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडला की पाव तासात आमटी तयार. डाळ शिजायची वाट पाहणे नाही की मसाला वाटणे नाही. इंधनही थोडे लागते. सुशीलेचेही तेच. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी द्यायची, वरून डाळ्याची पूड घालायची. दहा मिनिटांत सहा माणसांची न्याहरी होते.

ह्या बेताला शिधा किती लागेल? अर्धा किलो तांदूळ, दोन वाट्या येसर, पाव किलो बेसन, अर्धा लिटर तेल, अर्धा किलो चुरमुरे, किलोभर कांदे, पावशेर शेंगदाणे, आणि मीठ, तिखट, हळद, मोहरी ह्यांच्या पुड्या. भाकऱ्या घरीच थापायच्या असतील तर ज्वारीचे पीठ किलोभर. त्याच्या दहा-बारा मध्यम भाकऱ्या होतात. एवढे एका पिशवीत मावते. गुरुजनांना इथे एक सुचवावेसे वाटते. शाळेची सहल निघते तेव्हा हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. चाळीस मुलांना किती पीठ, किती तेल, किती पाणी, हे त्रैराशिक पुस्तकातल्या हौदापेक्षा त्यांना लवकर कळेल.

आता शिदोरी. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या देत, साधी भाकरी देत नसत. दशमीचे पीठ दुधात भिजवलेले असते, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पाण्यातली भाकरी तोवर वाळून कडक होते. धपाटी चवीला सरस खरी, पण त्यांत कांदा आणि दही असल्यामुळे ती त्याच दिवशी संपवावीत. तत्त्व साधे आहे: ज्यात ओल अधिक ते आधी नासते. म्हणून शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची कोरडी चटणी पुष्कळ दिवस टिकते, आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारीच आंबते. डबा भरताना अन्न पुरते निवू द्यावे. ऊन ऊन पोळ्या झाकणबंद केल्या की वाफेचे पाणी होते, आणि त्या पाण्यावर बुरशी पोसते.

ह्यानंतर जे सांगायचे आहे ते जरा लक्ष देऊन वाचा.

पहिली गोष्ट भाताची. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा, ही घराघरातली रीत. पण भातात एका जातीचे जंतू असतात. तांदूळ शिजला तरी त्यांची बीजे मरत नाहीत. भात उबेला तासन्तास उघडा राहिला की ती रुजतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करण्याने जात नाही, बरं का! फोडणी कितीही कडकडीत द्या, उलट्या व्हायच्या त्या होतात. उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, शीतकपाट नसताना शिजलेला भात दोन तासांच्या वर ठेवू नये. लागेल तेवढाच रांधावा, उरला तर टाकावा. अन्न टाकणे पाप वाटते हे मी जाणतो. म्हणूनच आधी मोजून रांधायला सांगतो.

दुसरी गोष्ट भगरीची. महाशिवरात्रीला परळीस माणसांचा पूर लोटतो, नवरात्रात अंबाजोगाईस. हे दोन्ही दिवस उपवासाचे. मुक्कामाला सोपी म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी ठरलेली. 2024 च्या फेब्रुवारीत बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. भगरीने बाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात उपवासाच्या दिवसांत अधूनमधून येतच असतात. भगरीला ओल लागली की बुरशी चटकन धरते. काही बुरशींचे विष असे असते की ते शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. पीठ करून ठेवले तर धोका आणखी वाढतो, कारण पिठात ओल लवकर शिरते, आणि धान्य कसे होते ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून भगर सुटी घेऊ नये. बंद पाकिटातली, दिनांक पाहून घ्यावी. निवडावी, धुवावी, ताजी शिजवून ताजीच खावी. भगरीचे तयार पीठ तर जत्रेच्या बाजारात मुळीच घेऊ नये. कुबट वास आला की ती पिशवी तिथेच सोडून यावे. उपवास केळ्यांवर आणि भाजलेल्या शेंगांवरही होतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपला जिल्हा टंचाईचा. पाणी कुठून आले ते मुक्कामी कळत नाही. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट तशीच राहू द्यावी, आणि झाकून निववावे. लहान मुलाला जुलाब लागलेच तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. चमचा चहाचा, भाजीचा नव्हे. आणि डॉक्टर गाठावा. क्षारसंजीवनीची दोन पाकिटे घरूनच न्यावीत. ती शिध्यापेक्षा हलकी असतात.

चुलीबद्दलही सांगितले पाहिजे. खोलीत रांधायला परवानगी आहे का, हे खोली घेतानाच विचारावे. पुष्कळ ठिकाणी नसते. विजेची शेगडी नेणार असाल तर तिथली तार आणि खटका तेवढा भार सोसतो का, हेही विचारावे. कोळशाची शेगडी दारे-खिडक्या लावून कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेले माणूस उठतच नाही. परळीला आगगाडीने जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. गॅसची टाकी, स्टोव्ह किंवा रॉकेल गाडीतून नेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती उगाच नाही. 26 ऑगस्ट 2023 रोजी तमिळनाडूत मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंचा एक डबा उभा होता. मंडळी उत्तर प्रदेशातून आलेली. सकाळच्या चहासाठी डब्यातच चोरून आणलेली गॅसची टाकी पेटवली, आग लागली आणि नऊ जीव गेले. त्यांनाही आपल्यासारखेच वाटले असणार, की दोन कप चहाने काय होते!

उरली खानावळ. बाहेरचे म्हणजे वाईट, असे मी म्हणणार नाही. जिथे गर्दी आहे तिथे अन्न शिळे राहत नाही, एवढे धरून चालावे. आमटी वाफाळती वाढतात का, भाकरी तव्यावरून येते का, पाण्याचा माठ झाकलेला आहे का, हात धुवायला साबण आहे का, हे दारातूनच दिसते. कापून ठेवलेली फळे, बर्फाचा गोळा, उघडी कोशिंबीर मुलांना देऊ नये. कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव मोठे आहे, खुशाल घ्यावा. पण खवा त्या दिवशीचा आहे का ते विचारावे, आणि घरी न्यायचा तो परतीच्या दिवशीच घ्यावा. शेगाव, अक्कलकोट अशा ठिकाणी अन्नाची व्यवस्था मोठी आणि स्वच्छ असते. तिथे दुपारी चूल पेटवण्याचे कारणच नाही.

आणि हो, ज्या गावी जाल तिथले काही खा. पावसाळा सरताना बालाघाटाच्या डोंगरातून सीताफळांच्या पाट्या बाजारात येतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पौष-माघात कुणा शेतकऱ्याची ओळख निघाली तर आगटीवरचा हुरडा सोडू नका. मात्र त्या शेतावरची बाई सकाळपासून कणसे भाजत नि चोळत असते, हे ध्यानात ठेवून तिचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

निघायच्या दिवशी सकाळी पिशवी उघडून पाहा. चुरमुरे उरले असतील तर ते वाटेत मुलांना होतात. शेंगदाणे, येसर परत घरी येतो. पिठाला ओल लागली असेल तर ते ठेवू नका. खोली झाडून, मोरीतली शिते उचलून मगच कुलूप लावा. तुमच्या मागून दुसरे कुणीतरी आपला शिधा घेऊन त्याच ओट्यापाशी येणार आहे.