फाइलपथ आणि नामैक्याचा प्रश्न

बोलींच्या अभ्यासकाजवळ आज जे साहित्य जमा होते, ते बहुतांशी संगणकावरील फाइलींच्या रूपाने असते. जामनेर तालुक्यातील पहूर, नेरी, शेंदुर्णी किंवा फत्तेपूर येथील वृद्ध निवेदकांकडून ओव्या, म्हणी व कहाण्या ध्वनिमुद्रित करून आणल्या, म्हणजे त्यांची लिप्यंतरे, व्याकरणविषयक टिपणे व सूची यांची जुळणी लहानमोठ्या आज्ञावलींच्या साहाय्याने करावयाची असते. हे काम क्वचितच एका यंत्रावर पार पडते. गावी नेलेला संगणक विंडोजचा, विभागातील सामायिक साठा लिनक्सचा आणि सहकाऱ्याचा संगणक मॅकचा, अशी स्थिती सर्वत्र आढळते. या तिन्ही ठिकाणी आज्ञावली फाइलीला तिच्या पथावरूनच ओळखते. पथाचे संकेत मात्र तिन्ही ठिकाणी भिन्न आहेत. परिणामी एखादे मुद्रण तबकडीवर सुस्थितीत असूनही आज्ञावलीला सापडेनासे होते व सूचीत त्याची नोंद ‘अनुपलब्ध’ अशी होते. निवेदक हयात नसेल, तर अशा नोंदीचा अर्थ किती गंभीर आहे हे सांगावयास नको. या अडचणींची कारणे व त्यांवरील उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. पथाचे स्वरूप

कोणती फाइल कोणत्या फोल्डरात, तो फोल्डर आणखी कोणत्या फोल्डरात, हे क्रमाने सांगणाऱ्या नामावलीस येथे ‘पथ’ म्हटले आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. निरपेक्ष पथ मुळापासून सुरू होतो. टपालाच्या पूर्ण पत्त्याप्रमाणे तो कोठूनही वाचला तरी त्याचा निर्देश बदलत नाही. सापेक्ष पथ आज्ञावली जेथे उभी असेल तेथून मोजला जातो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ‘येथे’, ‘पलीकडे’ यांसारखे स्थलदर्शक शब्द परिचित आहेत. बोलणाऱ्याचे स्थान ठाऊक नसेल तर त्यांचा अर्थ लागत नाही. सापेक्ष पथाचेही तसेच आहे. परंतु निरपेक्ष पथ एका यंत्रापुरताच खरा असतो. ‘डी:\मुद्रणे\तावडी\नेरी’ हा पथ ज्या संगणकावर लिहिला त्याच्याबाहेर निरर्थक ठरतो. लिनक्समध्ये ‘डी’ नावाचा विभागच नसतो.

वाक्य ज्याप्रमाणे केवळ ध्वनींची माळ नसून घटकांची रचना असते, त्याप्रमाणे पथही घटकांची रचना होय. बहुतेक चुका ही रचना विसरून पथाला साध्या अक्षरमालेप्रमाणे वागविल्यामुळे घडतात.

२. विभाजकचिन्हे

घटक वेगळे दाखविण्यासाठी कोणते चिन्ह वापरावे, हा निव्वळ संकेताचा भाग आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी जी युनिक्स प्रणाली आरंभिली, तिने स्लॅश (/) हे चिन्ह स्वीकारले. लिनक्समध्ये तेच रूढ झाले. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरांची उतरंड नव्हती. तेथे आज्ञेचे विकल्प दर्शविण्यासाठी स्लॅश योजलेला होता. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत उतरंड आली, तेव्हा ते चिन्ह अगोदरच अडकलेले असल्यामुळे बॅकस्लॅश (\) घेतला गेला व पुढे विंडोजकडे वारशाने आला. जुना मॅकिन्टॉश अपूर्णविरामाचे चिन्ह (:) वापरी. २००१ साली मॅक युनिक्सच्या पायावर उभा राहिल्यावर तेथेही स्लॅश आला. सोस्यूरने चिन्हाच्या यादृच्छिकतेविषयी जे प्रतिपादन केले, त्याचे हे बोलके उदाहरण मानावयास हरकत नाही.

विंडोजच्या बहुतेक अंतर्गत यंत्रणा सरळ स्लॅशही स्वीकारतात. लिनक्सला मात्र बॅकस्लॅश हे नावातील एक सामान्य अक्षर वाटते. शिवाय बॅकस्लॅशला पायथन, सी, जावा इत्यादी आज्ञाभाषांत आणखी एक कार्य आहे. त्याच्यापुढे रोमन लिपीतील लहान ‘टी’ आल्यास टॅबचे अंतर आणि लहान ‘एन’ आल्यास नवी ओळ, असा त्या भाषांचा नियम आहे. ‘तावडी’ व ‘नेरी’ ही नावे रोमन अक्षरांत लिहून त्यांपूर्वी बॅकस्लॅश दिला, तर पहिल्याच्या आरंभी टॅब व दुसऱ्याच्या आरंभी ओळखंड येतो आणि पथ चुकतो.

३. निषिद्ध अक्षरे आणि मर्यादा

लिनक्समध्ये नावात स्लॅश व शून्यसंकेत यांखेरीज सर्व काही चालते. विंडोजमध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण इत्यादी चिन्हे निषिद्ध आहेत. मराठी टंकलेखनात विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकण्याची सवय फार पसरलेली आहे. त्यामुळे ‘दु:ख’ या नावाची फाइल लिनक्सवर निर्वेधपणे तयार होते. आज्ञावलीने तेच नाव विंडोजच्या एनटीएफएस साठ्यावर लिहू पाहिले, तर अपूर्णविरामानंतरचा भाग हे एका आनुषंगिक प्रवाहाचे नाव समजले जाते. पाहणाऱ्यास ‘दु’ नावाची रिकामी फाइल दिसते. सर्व मजकूर त्या अदृश्य प्रवाहात जातो. खरा विसर्ग (ः) वापरला असता ही आपत्ती येत नाही.

लांबीचे मापही वेगवेगळे आहे. लिनक्समध्ये एका नावास २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. म्हणजे काना, मात्रा व हलन्त स्वतंत्र धरून केवळ ८५ चिन्हे मावतात. विंडोजमध्ये संपूर्ण पथावर २६० चिन्हांची जुनी मर्यादा आहे. २०१६ पासून ती शिथिल करण्याची सोय झाली, परंतु त्यासाठी यंत्र व आज्ञावली या दोहोंची अनुकूलता लागते. रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांचा भेद लिनक्स पाळतो, विंडोज सामान्यतः पाळत नाही. देवनागरीत तसा भेदच नसल्याने त्या बाबतीत आपण निर्धास्त आहोत. आपली अडचण निराळी आहे.

४. ‘ऱ्य’चे उदाहरण

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द मराठीत अर्थाने भिन्न आहेत आणि त्यांचा लेखनभेद आवश्यक आहे. ‘शेतकऱ्यांच्या म्हणी’ अशा नावाची फाइल घेऊ. यातील ‘ऱ्’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो : (अ) ‘ऱ’ हे एकसंध अक्षर, ज्याचा संकेतांक ०९३१, व त्यापुढे हलन्त, (आ) साधा ‘र’, त्यास नुक्ता व मग हलन्त, (इ) साधा ‘र’, हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य संयोजकचिन्ह. पडद्यावर तिन्ही रूपे सामान्यतः सारखीच दिसतात. बाइट मोजले असता मात्र पहिल्या रूपाचे नाव ५५ बाइटांचे व उरलेली दोन ५८ बाइटांची भरतात. लिनक्सवर या तीन फाइली एकाच फोल्डरात शेजारी शेजारी राहू शकतात. एनटीएफएसही त्यांना तीन भिन्न नावेच समजतो.

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस साठ्याने याच्या उलट धोरण ठेवले होते. तो प्रत्येक नावाचे विघटन करून ठेवी; म्हणजे (अ) रूप दिले तरी साठविले जाई ते (आ). २०१७ पासून आलेला एपीएफएस दिलेले रूप जसेच्या तसे जपतो, परंतु तुलनेच्या वेळी (अ) व (आ) यांना एकच मानतो. आता समजा, सूची विंडोजवर (अ) रूपात टंकित झाली आणि मुद्रणे जुन्या मॅक-तबकडीवरून लिनक्सच्या साठ्यात आली. सूचीतील नाव (अ), साठ्यातील नाव (आ). ज्यांच्या नावात ‘ऱ’ आहे, नेमकी तीच मुद्रणे सापडत नाहीत, बाकीची सापडतात. कारण ठाऊक नसलेला विद्यार्थी ती फाइल नष्ट झाली असे समजून चालेल.

(अ) व (आ) यांचे ऐक्य युनिकोडच्या प्रमाणीकरण-नियमांनी सिद्ध होते. (इ) या रूपास ते नियम लागू नाहीत. तीच गोष्ट ‘ॲ’ची : २००८ साली युनिकोडमध्ये आलेले एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन बनविलेले रूप यांना युनिकोड समतुल्य मानीत नाही. तेथे आपले नियम आपणच करावे लागतात.

५. उपाययोजना

पाचोरा-जामनेर हा लोहमार्ग अरुंदमापी, ७६२ मिलिमीटरचा होता आणि पाचोऱ्याचा मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटरचा. डब्यांची चाके बदलण्याच्या खटाटोपात कोणी पडत नसे. जंक्शनवर माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढविला जाई. आज्ञावलीतही रूपांतराची जागा अशीच एक व निश्चित असावी. त्या दृष्टीने पुढील नियम सुचविता येतात.

पहिला, विभाजकचिन्ह हाताने जोडून पथ बनवू नये. पायथनमधील ‘पाथलिब’ (२०१४ पासून), जावाच्या सातव्या आवृत्तीतील (२०११) पथविषयक वर्ग किंवा सी++ च्या २०१७ च्या प्रमाण आवृत्तीतील ‘फाइलसिस्टिम’ यांकडे घटक सोपवावेत. योग्य चिन्ह त्यांनी घालावे. दुसरा, सूचीत केवळ सापेक्ष पथ, तेही सरळ स्लॅशने, नोंदवावेत. संग्रहाचे मूळ स्थान प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे सांगावे. तिसरा, सूचीची फाइल उघडताना यूटीएफ-८ हा संकेत स्पष्टपणे द्यावा. विंडोजच्या जुन्या संकेतसारण्यांत देवनागरीस स्थान नव्हते, म्हणून जुन्या धाटणीच्या आज्ञावलीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. सूचीतील नावाचे प्रमाणीकरण करून त्या नावाने थेट फाइल उघडू नये. साठ्यातील नाव विघटित असेल तर लिनक्स ती नाकारील. प्रथम फोल्डरातील सर्व नावे मागवावीत, दोन्हीकडील नावांची प्रमाणित रूपे ताडून पाहावीत, आणि जुळलेली फाइल प्रणालीने दिलेल्या मूळ नावानेच उघडावी. एकाच प्रमाणित रूपाच्या दोन फाइली आढळल्यास आज्ञावलीने थांबून तसे सांगावे. त्यांपैकी एकीवर दुसरी लिहिली जाता कामा नये.

पाचवा, दीर्घकाळ टिकावयाच्या संग्रहात फाइलीचे नाव लहान रोमन अक्षरे व अंक यांचेच ठेवावे, आणि मराठी शीर्षक सूचीच्या स्वतंत्र रकान्यात पूर्ण शुद्धतेने लिहावे. यात मराठीचा अधिक्षेप नाही. ग्रंथालयातील पुस्तकालाही दाखलअंक असतोच; त्यामुळे त्याचे नाव पुसले जात नाही.

६. यंत्राची मर्यादा

संकेतांचे ऐक्य यंत्र ठरवू शकते. भाषेतील ऐक्य ठरविणे अभ्यासकाच्याच वाट्यास येते. खानदेशाच्या पूर्व भागात ‘केळी’चे ‘केयी’ होते. एकाने पहिल्या नावाने व दुसऱ्याने दुसऱ्या नावाने ठेवलेली मुद्रणे कोणताही प्रमाणीकरण-नियम एकत्र आणणार नाही. वर्गीकरणाचेही असेच आहे. ग्रीअर्सनच्या भाषिक पाहणीत मराठीचा खंड १९०५ साली निघाला. खानदेशीचा विचार मात्र १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्लीच्या सोबत केलेला आहे. पथातच ‘मराठी’ किंवा ‘भिल्ली’ असे नाव घातले, तर मत बदलताच प्रत्येक फाइलीचा पत्ता बदलेल. म्हणून वर्गीकरण सूचीत असावे व पथ वर्गनिरपेक्ष असावा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातील साहित्य आता जालावर अभ्यासकांना खुले आहे. महाविद्यालयांतून जमणारे लहान संग्रह उद्या अशा मोठ्या संग्रहांशी जोडले जावेत, अशी अपेक्षा असेल, तर प्रबंधाच्या आराखड्यात प्रश्नावली व लिप्यंतरपद्धती यांच्याबरोबर नामपद्धतीचाही उल्लेख असावयास हवा. ती पहिल्या ध्वनिमुद्रणापूर्वी ठरविणे सोपे असते. शेकडो मुद्रणे साठल्यानंतर ठरविणे कष्टाचे असते, आणि दरम्यान हरवलेले मुद्रण पुन्हा सांगावयास निवेदक असेलच असे नाही.