शिराझमधली मिरी

फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन हुंगून वर्णन करायला सांगितलं गेलं. पुढच्या खेपेला दोन्ही ग्लासांत तीच पांढरी वाइन होती. एकात फक्त गंधहीन लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या वाइनला लाल वाइनचेच शब्द लावले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा दाखला देऊन वाइन चाखण्याची विद्या म्हणजे थोतांड, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. विद्यार्थी बनवाबनवी करत नव्हते. डोळ्यांनी आधीच निवाडा दिला की नाकाला काय सापडणार हे बऱ्याच अंशी ठरून जातं, हे त्यातून दिसतं. तो निवाडा थोडा लांबवणं शिकता येतं.

कारण ग्लासातले गंध काल्पनिक नसतात. शिराझ जातीच्या लाल वाइनला मिरीचा वास येतो, असं जाणकार पूर्वीपासून सांगत. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचं रोटंडोन हे द्रव्य ओळखलं. काळ्या मिरीतही तेच असतं. मात्र पाचांतल्या साधारण एकाला रोटंडोनचा वास जवळजवळ येतच नाही. तेव्हा एकाच बाटलीतली वाइन पिताना एकाला मिरी जाणवते, शेजारच्याला नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

जिभेच्या वाट्याला येतं ते थोडकंच. वाइनचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. चिंचेतही हेच आम्ल असतं. घोट गिळल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं आणि किती वेळ सुटत राहतं, यावर लक्ष ठेवलं तर आम्लाचा अंदाज येतो. लाल वाइनचा तुरटपणा निराळा. तिच्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. कडक कोऱ्या चहानंतर होतं ते हेच. ही जाणीव बरीचशी स्पर्शाची आहे.

बाकी सारा कारभार नाकाचा. नाक चिमटीत धरून घोट घ्या, तोंडात घोळवा आणि मग नाक सोडून श्वास बाहेर टाका. घशाच्या मागच्या वाटेने गंध नाकात चढतो आणि इतका वेळ नुसतं आंबट-तुरट वाटणारं पेय एकदम फळाचं होतं. चव म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यातला केवढा भाग वास असतो हे तेव्हा कळतं.

या वासांना नावं देता यावीत म्हणून कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली गंधांचं चक्र मांडलं. मधोमध ‘फळांचा’ असा ढोबळ शब्द, बाहेरच्या कडेला नेमकं फळ. त्याहून मोलाची वाटते ती त्यांची नमुन्यांची पद्धत: साध्या वाइनमध्ये खरा पदार्थ घालून तो वास नाकाला शिकवायचा. हे घरीही जमतं. साध्या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा छोटा तुकडा थोडा वेळ ठेवा, हुंगा, आणि मग सॉव्हिन्यों ब्लां जातीची पांढरी वाइन हुंगा. ढोबळी मिरचीचा हिरवट वास देणारं पायरेझिन तिच्यातही असू शकतं. पाण्यात लिटरमागे २ नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी माणसाच्या नाकाला ते सापडतं. हाच प्रकार पेरूचा: त्याच्या वासात भर घालणारी गंधकयुक्त द्रव्यं याच वाइनमध्ये आढळतात. शिराझ आणि सॉव्हिन्यों ब्लां दोन्ही नाशिकच्या मळ्यांत पिकतात, त्यामुळे हा अभ्यास करायला दूर जावं लागत नाही.

एकच वाइन घेऊन बसण्यात फारसा अर्थ नाही. नाकाला फरक कळतो तो तुलनेत. दुसऱ्या कुणाला तीन ग्लास भरायला सांगा, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. डोळे मिटून वेगळा ग्लास शोधा. वर्णन नंतर. बाटलीवरच्या मजकुरात आठ-दहा वासांची यादी असते, तिच्यामागे धावू नका: मिश्रणातले तीन-चारांहून अधिक गंध सुटे ओळखणं सरावलेल्या नाकालाही अवघड जातं, असं प्रयोगांत दिसलं आहे. दोन वास खात्रीने सापडले तरी बैठक चांगली झाली. आणि यासाठी दारू पोटात जायची गरज नाही. व्यावसायिक चाखणारे प्रत्येक घोट थुंकून टाकतात, नाहीतर पाचव्या-सहाव्या ग्लासापर्यंत लक्षच शाबूत राहत नाही.